एकलकोंडेपणा, नाकारले जाणे आणि हिंसा : आपण नेमके कोणाला घाबरतो?

तळटीप (धागाकर्ता)

सामूहिक हत्याकांडाची बातमी आली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तान्तात एक वाक्य हमखास सापडते : 'तो एकलकोंडा होता, कोणात मिसळत नसे.' शेजारी ते सांगतात, वर्गमित्र सांगतात आणि वाचणाऱ्यालाही काहीतरी उलगडल्यासारखे वाटते. मला या वाक्याचा त्रास होतो, कारण त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. स्वभावाने एकटे राहणे म्हणजे एकांतप्रियता. इतरांनी एकटे पाडणे याला मात्र आपल्या भाषेत 'वाळीत टाकणे' असा नेमका शब्द आहे. संशोधनाने हिंसेशी संबंध दाखवला आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा, आणि तोही काही अटींवर. त्या अटी कोणत्या, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स एकदा बागेत बसले असताना खेळण्यातली एक तबकडी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती दोन अनोळखी माणसांकडे परत फेकली, त्यांनी ती पुन्हा यांच्याकडे फेकली, आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी यांच्याकडे तबकडी फेकणे बंद केले. भांडण झाले नाही, कोणी वावगा शब्द बोलले नाही, तरी ते लागले, आणि बरेच लागले. या अनुभवातून पुढे 'सायबरबॉल' हा प्रयोग उभा राहिला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू फेकत असतात. प्रयोगार्थीला सुरुवातीला चेंडू मिळतो, मग मिळेनासा होतो. काही मिनिटांच्या या खेळाने माणसाची आपलेपणाची भावना, स्वाभिमान, परिस्थितीवर आपला काही ताबा आहे हा विश्वास आणि आपल्या असण्याला अर्थ आहे ही जाणीव, या चारही गोष्टी खालावतात. पुढे २००४ साली असे दिसले की समोर माणसे नसून केवळ संगणक आहे हे आधी सांगून ठेवले तरी हा परिणाम होतो. २००७ सालचा प्रयोग तर अधिकच विचारात पाडणारा आहे : ज्या गटाचा प्रयोगार्थींना मनस्वी तिटकारा होता, त्या गटाने खेळातून वगळले तरीही त्यांना ते झोंबलेच.

दुखावलेला माणूस खिन्न होईल हे समजण्यासारखे आहे. तो आक्रमक का होतो, हा खरा प्रश्न आहे. जीन ट्वेंगी, रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना सांगितले गेले की गटातील कोणालाच त्यांच्याबरोबर काम करायचे नाही, तर काहींना सांगितले गेले की पुढील आयुष्यात ते एकटे पडतील. ज्यांनी हे ऐकले ते नंतरच्या टप्प्यात आपल्याला दुखावणाऱ्या माणसाशी इतरांपेक्षा अधिक कठोरपणे वागले, आणि काही प्रसंगी ज्याने त्यांचे काहीच वाईट केले नव्हते अशा त्रयस्थालाही त्यांनी सोडले नाही. त्रयस्थावर निघणारा हा राग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हत्याकांडातील बळी हे बहुधा मारेकऱ्याला त्रास देणारे लोक नसतातच.

माझ्या मते या विषयाची किल्ली मात्र २००६ सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात काही जणांना चेंडूच्या खेळातून वगळले गेले आणि त्यानंतर सर्वांनाच कर्णकटू आवाज ऐकवले गेले. निम्म्यांना तो आवाज केव्हा सुरू व्हावा हे ठरवण्याची मुभा होती, उरलेल्यांना नव्हती. शेवटी प्रत्येकाला एका अनोळखी माणसासाठी तिखट सॉस वाढायला सांगितले गेले, आणि त्या माणसाला तिखट आवडत नाही हेही कळवले गेले. वगळल्या गेलेल्या आणि आवाजावर ताबा नसलेल्या लोकांनी इतरांच्या चौपटीहून अधिक सॉस वाढला. वगळले जाऊनही ज्यांच्या हाती एवढे एक बटण होते, ते मात्र खेळात सामील असलेल्यांपेक्षा अधिक आक्रमक झाले नाहीत. म्हणजे नाकारले जाण्यातला जो भाग हिंसेकडे वळतो, तो 'माझ्या हातात काहीच नाही' या भावनेतून वळतो असे दिसते. आपणा सर्वांना काय वाटते?

काटेकोर

धागा चांगला आहे, पण सॉसच्या वाटीपासून हत्याकांडापर्यंतची उडी फार लांब आहे. शाळकरी वयात कधीच नाकारला गेला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्या सर्वांतून शस्त्र उचलणारे इतके विरळा असतील, तर नाकारले जाणे हे कारण कसे म्हणता येईल? फार तर ती पार्श्वभूमी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी तेथल्याच दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या हल्ल्यात त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक यांची हत्या झाली. पहिल्या काही दिवसांत माध्यमांनी सांगितलेली कहाणी अशी होती की लांब काळे कोट घालणाऱ्या बहिष्कृत मुलांच्या टोळक्याने आपल्याला छळणाऱ्या खेळाडू मुलांवर सूड उगवला. तपासातून निराळेच चित्र समोर आले. दोघांनाही मित्र होते. त्यांच्यापैकी एक जण हल्ल्याच्या तीन दिवस आधी शाळेच्या नृत्यसमारंभाला मित्रमैत्रिणींबरोबर जाऊन आला होता. मूळ बेत केवळ गोळीबाराचा नव्हताच. उपाहारगृहात बॉम्ब ठेवले होते, ते फुटले असते तर छळणारा कोण आणि मित्र कोण याचा हिशेब राहिलाच नसता. तरीही 'छळ झालेल्यांचा सूड' ही कहाणी जगभर पसरली, आणि नंतरच्या अनेक हल्लेखोरांनी ती खरी मानून गिरवली. आपण जे स्पष्टीकरण म्हणून सांगतो, ते दुसऱ्या कोणाला संहिता म्हणून सापडते. शिवाय त्या कहाणीत मेलेल्या मुलांकडे नकळत दोष जातो : त्यांनी त्याला खेळायला घेतले असते तर! हे वाक्य मृतांच्या आईवडिलांसमोर उच्चारता येईल का, याचा विचार व्हावा.

तळटीप

काटेकोर यांचा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल थोडे आकडे मांडतो.

मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ ते २००१ या काळातील शाळांमधील १५ गोळीबारांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी १३ घटनांत हल्लेखोर सततच्या चिडवण्याला, बहिष्काराला किंवा प्रेमातील नकाराला सामोरा गेलेला होता. परंतु त्याच अभ्यासाने हेही दाखवले की केवळ नाकारले जाणे पुरेसे नव्हते. त्याच्या जोडीला बंदुकांचे किंवा स्फोटकांचे वेड, मृत्यूचे आकर्षण किंवा मानसिक अडचणी यांपैकी एक तरी गोष्ट बहुतेकांत होती.

त्याहून उपयुक्त अहवाल अमेरिकेच्या गुप्तसेवा विभागाचा आणि शिक्षण खात्याचा आहे. त्यांनी १९७४ ते २००० या काळातील ३७ शालेय हल्ले आणि ४१ हल्लेखोर तपासून २००२ साली निष्कर्ष मांडले. ७१ टक्के हल्लेखोरांना हल्ल्यापूर्वी आपला छळ झाला किंवा आपल्याला दुखावले गेले असे वाटत होते. मात्र एकलकोंडे म्हणून ओळखले जाणारे, किंवा स्वतःला तसे मानणारे, केवळ ३४ टक्के होते, आणि एकही जवळचा मित्र नसलेले तर १२ टक्केच. म्हणजे वृत्तान्तातील ते हमखास वाक्य तिघांपैकी दोघांना लागूच पडत नाही. ७८ टक्के जणांच्या मनात पूर्वी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते किंवा त्यांनी तसे प्रयत्न केले होते. आणि ८१ टक्के घटनांत किमान एका माणसाला बेताची आधी कुणकुण होती. तो माणूस बहुधा समवयस्क मित्र, वर्गमित्र किंवा भाऊबहीण होता. 'हल्लेखोराचा साचा' असा काही नसतो, हे त्या अहवालाचे स्पष्ट मत आहे. गप्प मुलांची यादी करून धोका टळत नाही.

उंबरठा

मी सहसा येथे लिहीत नाही, पण हा विषय मी आतून पाहिला आहे. शाळा कोणती हे सांगण्याची गरज नाही.

मधल्या सुट्टीत एकट्या पडलेल्या मुलाची मोठी अडचण ही असते की काहीच न करणारा मुलगा सर्वांना दिसतो. म्हणून मी कचऱ्याच्या टोपलीपाशी उभा राहून पेन्सिलीला टोक काढत असे. शिसे तासून टोक निघाले की मी ते मुद्दाम मोडायचो आणि पुन्हा सुरुवात करायचो. एका सुट्टीत अर्धी पेन्सिल संपायची. घरी विचारले जाई की पेन्सिली एवढ्या लागतात कशा. मी सांगत असे की आम्हाला चित्रकला खूप आहे.

मला कोणी मारले नाही, फारसे चिडवलेही नाही. मी बाकावर बसलो की बाकावरचे दोघे उठून जात, एवढेच. मारले असते तर तक्रार करता आली असती. उठून जाण्याची तक्रार काय करणार? 'सर, ते उठून गेले' हे वाक्य मी मनात अनेकदा म्हणून पाहिले आणि दर वेळी ते मलाच हास्यास्पद वाटले. तळटीप यांनी त्या बटणाबद्दल लिहिले आहे, ते वाचून मी बराच वेळ थांबलो. तेव्हा माझ्या हातात एकच बटण होते, ते म्हणजे कल्पना. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर नावांची यादी होती, आणि मी त्या नावांचे काय करीन याची वर्णने माझ्या डोक्यात इतकी बारकाईने रचलेली होती की आज ती आठवली तरी घाम फुटतो. त्या कल्पनांमध्ये मला सूड तितकासा आवडत नसे. त्या सर्वांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आहे, हा क्षण आवडत असे.

मी कोणाला इजा केली नाही. पण का केली नाही, याचे श्रेय माझ्या सुस्वभावाला द्यावे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. घरात शस्त्र नव्हते, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी घडली की एक मुलगा एके दिवशी टोपलीपाशी आला आणि म्हणाला, 'तुझं शार्पनर दे रे जरा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आमची मैत्री वगैरे झाली नाही. पण माझ्याकडे मागण्यासारखे काहीतरी आहे आणि ते द्यायचे की नाही हे मी ठरवतो, हे मला कळले. यादी फाडून टाकली असे सांगितले तर गोष्ट गोंडस होईल. मी ती फाडली नाही. तिच्यात नवी नावे मात्र पडली नाहीत.

सांजवेळ

उंबरठा यांनी जे लिहिले आहे त्याला प्रतिसाद म्हणून नव्हे, तर त्याच चित्राची दुसरी बाजू म्हणून लिहिते. मी अनेक वर्षे शिकवते आहे.

'चार-चार जणांचे गट पाडा' हे वाक्य आम्ही शिक्षक दिवसातून कितीदा उच्चारतो याची गणती नाही. त्यानंतरचा अर्धा मिनिट नीट पाहण्यासारखा असतो. खुर्च्या सरकतात, हाका मारल्या जातात, आणि एक मूल खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागते. नाडी सुटलेली नसते. गट पूर्ण होईपर्यंत ती बांधून होत नाही. मग शिक्षक समोरून विचारतात, 'याला कोण घेतंय?' हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षे उच्चारले आहे, सद्भावनेने उच्चारले आहे, आणि तो उलटा लिलाव असतो हे मला फार उशिरा उमगले. वर्गाच्या साक्षीने बोली लागत नाही, शेवटी कोणीतरी सुस्कारा टाकून 'ये' म्हणतो, आणि त्या सुस्काऱ्यासह त्याला जाऊन बसावे लागते.

नाकारली गेलेली मुले एकाच प्रकारची नसतात, हेही नोंदवते. काही मुले मुळात मारकुटी असल्यामुळे नाकारली जातात, तर काही मागे-मागे राहणारी म्हणून. केनेथ डॉज यांचे काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. १९८० सालच्या त्यांच्या प्रयोगात मुलाने लावत आणलेले कोडे दुसऱ्या कोणाच्या हातून मोडल्याचे भासवले जाई. मुद्दाम मोडले की चुकून, हे स्पष्ट नसे तेव्हा आक्रमक मुले ते मुद्दामच केले असे धरून वागत. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात दिसले की लहानपणी सवंगड्यांनी नाकारल्यामुळे नंतरची आक्रमकता वाढते, पण ती प्रामुख्याने त्या मुलांत, ज्यांचा कल आधीपासून थोडा आक्रमकतेकडे असतो. म्हणजे नाकारणे हे रिकाम्या जागी हिंसा पेरत नाही, असलेल्या ठिणगीला वारा घालते. आणि हे चक्र आहे : नाकारलेले मूल प्रत्येक धक्क्यात शत्रुत्व पाहू लागते, म्हणून उलट धक्का देते, म्हणून अधिक नाकारले जाते, आणि तिसऱ्या वर्षी सर्वांना वाटते की हे मूल पहिल्यापासून असेच होते.

अर्धविराम

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो, आणि मला या चर्चेत एका गोष्टीची उणीव जाणवते. एकट्या पडलेल्या माणसाची हिंसा बहुतेक वेळा स्वतःवरच उलटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक माणसे आत्महत्या करतात. त्यांपैकी प्रत्येक जण एकटा पडलेला नसतो, हे खरे. तरीही एकटेपणाचा विचार करताना आपले लक्ष सर्वप्रथम हत्याकांडाकडे जाते, यातच आपण त्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो हे दिसून येते. तळटीप यांनी दिलेल्या ७८ टक्क्यांच्या आकड्याकडेही त्याच अंगाने पाहावे. असे अनेक हल्ले म्हणजे प्रेक्षकांसमोर केलेली आत्महत्या असते.

'एकलकोंडा म्हणजे धोका' हे समीकरण स्वतःच किती घातक ठरू शकते, याचे उदाहरण जपानमध्ये घडले आहे. वर्षानुवर्षे घराबाहेर न पडणाऱ्या, समाजापासून तुटलेल्या लोकांना तेथे 'हिकिकोमोरी' म्हणतात; जपान सरकारच्या २०२३ साली जाहीर झालेल्या अंदाजानुसार १५ ते ६४ या वयोगटात त्यांची संख्या १४ लाख ६० हजारांच्या घरात आहे. मे २०१९ मध्ये कावासाकी येथे शाळेच्या बससाठी थांबलेल्या मुलींवर एका माणसाने चाकूने हल्ला केला. तो असाच घरात कोंडून राहणारा होता हे कळताच माध्यमांनी तोच धागा पकडला. अशा कुटुंबांच्या संघटनेने सर्वांना एकाच रंगात रंगवू नका असे आवाहन केले. त्यानंतर काही दिवसांतच तोक्योमध्ये ७६ वर्षांच्या एका निवृत्त उच्चपदस्थ सनदी अधिकाऱ्याने आपल्या ४४ वर्षांच्या मुलाची घरातच हत्या केली. मुलगा आईवडिलांवर हात उगारत असे, त्या दिवशी शेजारच्या शाळेतील खेळांच्या गोंगाटावरून तो चिडला होता, आणि कावासाकीसारखे काही आपल्या मुलाच्या हातून घडेल अशी भीती वाटल्याचे बापाने सांगितले. न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. हे घर सरळसाधे नव्हते, मुलाच्या मारहाणीचा इतिहास होता, हे मी लपवत नाही. पण जो गुन्हा घडलेलाच नव्हता, त्याच्या भीतीपोटी जो घडला तो खून होता.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एक फरक आवर्जून विचारतो : तुमचा मुलगा एकटा असताना शांत असतो की कुढत असतो? एकटेपणाचे अभ्यासक जॉन कॅचिओपो यांनी आयुष्यभर हेच मांडले की माणसे किती आहेत यावर एकाकीपणा ठरत नाही. हव्या असलेल्या आणि मिळणाऱ्या नात्यांतील तफावतीवर तो ठरतो. दीर्घकाळ एकाकी राहिलेला माणूस इतरांच्या चेहऱ्यावर नकार शोधू लागतो आणि तो त्याला नसतानाही सापडतो. ज्याला कोणी नकोच आहे, त्याला नाकारणार कोण? त्याला त्याच्या पुस्तकांसह सुखाने राहू द्यावे.

काटेकोर

अर्धविराम यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे. आता एक प्रश्न उपस्थित करतो, कारण आपण सर्व जण हळूहळू 'कोणीतरी त्याला जवळ घ्यावे' या उत्तराकडे सरकत आहोत असे वाटते. जवळ घेणारे कोण, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

१९९७ साली कॅनडातील एका तरुणीने जोडीदार न मिळालेल्या, एकाकी माणसांसाठी एक संकेतस्थळ सुरू केले. स्त्री-पुरुष दोघेही तेथे येत आणि एकमेकांना धीर देत. पुढे ती त्यातून बाहेर पडली. तिने रूढ केलेला 'इन्व्हॉलंटरी सेलिबसी' (मनाविरुद्ध जोडीदाराविना राहणे) हा शब्दच पुढे 'इन्सेल' या रूपात स्त्रीद्वेष्ट्या पुरुषांच्या टोळक्यांनी उचलला. तेथे नाकारल्या गेलेल्यांना आपलेपणा भरभरून मिळतो, अट एवढीच की आपले दुःख बायकांनी ठरवून केलेला अन्याय आहे असे मानावे लागते. म्हणजे जवळ घेतले जाणे हेच तेथे विषाचे काम करते. एकटा माणूस आणि हिंसा यांच्यामध्ये बहुधा असा एक जमाव उभा असतो, जो त्याच्या वैयक्तिक अपमानाला सिद्धान्ताचे रूप देतो.

याच संदर्भात २०१८ सालच्या टोरांटोतील हल्ल्याचा निकाल वाचण्यासारखा आहे. एका माणसाने पदपथावर व्हॅन घालून त्या दिवशी दहा जणांना ठार केले. एक जखमी स्त्री नंतर वारली. पोलिसांपुढे त्याने स्वतःला इन्सेल म्हणवून घेतले आणि जगाने ते लगेच स्वीकारले. न्यायाधीश ॲन मोलॉय यांनी २०२१ च्या निकालात मात्र म्हटले की त्याची प्रमुख प्रेरणा कुप्रसिद्धीची हाव होती आणि ती वाढवण्यासाठी त्याने त्या चळवळीचा आधार घेतला. त्या निकालात त्यांनी त्याचे नाव घेण्याचे टाळले. उंबरठा यांनी लिहिलेला 'सर्वांनी मान वर करून पाहिले' हा क्षण आठवतो. माध्यमांनी नाव आणि छायाचित्र छापले की तो क्षण पुरवला जातो, पुढच्यासाठी सुद्धा.

तळटीप

काटेकोर यांच्या प्रतिसादातील जमावाच्या मुद्द्याला एक उलटे उदाहरण जोडतो. तोक्योतील अकिहाबारा भागात ८ जून २००८ रोजी सात जणांची हत्या करणारा तरुण मोबाइलवरील एका चर्चाफलकावर सतत लिहीत असे. न्यायालयात त्याने सांगितले की त्या फलकावर कोणीतरी त्याच्या नावाने लिहून त्याची जागा बळकावली होती. ती त्याची उरलेली एकमेव जागा होती. हल्ल्याची वर्दीही त्याने तेथेच दिली होती. ज्यांचे सारे जगणे एका पडद्यावर येऊन ठेपलेले असते, त्यांच्यासाठी पडद्यावरचा नकार हा 'नुसता ऑनलाइन' नसतो.

जवळ घेण्याबद्दल प्रयोगशाळेतील एक आशादायक निष्कर्ष आहे. नेथन डिवॉल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले की अनेकांकडून नाकारल्या गेलेल्या माणसाला त्यातील एकाने जरी स्वीकारले, तरी आक्रमकता लक्षणीय कमी होते. स्वीकारणाऱ्यांची संख्या वाढत जाते तशी ती आणखी कमी होते, पण पहिल्या माणसाने पडणारा फरक सर्वांत मोठा असतो. उंबरठा यांचे शार्पनर मागणारा मुलगा म्हणजे तो पहिला माणूस असावा.

काटेकोर

आशेवर पाणी टाकायचे नाही, पण अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक हे विद्यापीठ विसरू नये. २००७ साली तेथे एका विद्यार्थ्याने ३२ जणांचे प्राण घेतले. त्याला लहानपणापासून बोलण्याचीच तीव्र भीती होती आणि त्यासाठी शाळेत त्याला मदतही मिळाली होती. वसतिगृहातील सोबत्यांनी सुरुवातीला त्याला आपल्यात घेण्याचा प्रयत्न केला. इतर विद्यार्थी त्याच्या लेखनाने धास्तावले तेव्हा एका प्राध्यापिकेने त्याला एकटीने शिकवले आणि अनेकांना त्याच्याविषयी सावध केले. पहिला माणूस तेथे होता, बहुधा दुसरा आणि तिसराही. नंतरच्या चौकशी समितीला असे आढळले की माहितीचे तुकडे वेगवेगळ्या विभागांकडे पडून होते आणि खासगीपणाच्या कायद्याच्या चुकीच्या समजुतीपायी कोणी ते एकत्र मांडले नाहीत.

अर्धविराम

हे उदाहरण योग्य आहे, आणि त्यातूनच पुढची वाट निघाली. व्हर्जिनिया राज्याने २०१३ साली सरकारी शाळांमध्ये धोका-मूल्यमापन पथके सक्तीची केली. शिक्षक, समुपदेशक, प्रशासन आणि पोलीस यांची माणसे त्यात असतात. 'बघून घेईन' असे रागाच्या भरात बोललेले वाक्य आणि प्रत्यक्ष बेत यांतील फरक ओळखणे हे त्यांचे पहिले काम असते. मला या पद्धतीतील एक गोष्ट पटते : 'हा मुलगा कसा आहे' असे न विचारता 'हा मुलगा सध्या काय करतो आहे आणि त्याला काय होते आहे' असे विचारले जाते. धमकी देणाऱ्या मुलाला तडकाफडकी शाळेतून काढून टाकले तर आपण त्याच्यावर शेवटचा शिक्का मारतो, आणि वर त्याला रिकामा वेळ देतो.

अवांतर : ही पथके गप्प मुलांवर पाळत ठेवण्याचे साधन बनण्याचा धोकाही खराच आहे. ज्याची तक्रार होते तो बहुधा आधीच नावडता असतो.

सांजवेळ

गट मी आता आदल्या दिवशी घरी बसून ठरवते आणि वर्गात फक्त यादी वाचून दाखवते. मुले कुरकुर करतात, कारण त्यांना मित्रांबरोबर बसायचे असते. प्रत्येक गटात एक काम असे ठेवते जे एकाच मुलाला माहीत असते, म्हणजे इतरांना त्याला विचारावेच लागते. नाडी बांधणारा मुलगा पहिल्या दिवशी खुर्ची गटापासून हातभर लांब ठेवून बसला होता. आज दोन महिने झाले, खुर्ची अजून लांबच असते. प्रश्न विचारला की मात्र उत्तर देतो. हे पुरेसे आहे का, हे मी सांगू शकत नाही. उंबरठा, तुम्हाला विचारावेसे वाटते : त्या मुलाला कोणी शिक्षकांनी पाठवले होते का?

उंबरठा

सांजवेळ, मलाही पुष्कळ वर्षे तीच शंका होती, आणि ती खरी असती तर मला वाईट वाटले असते. गेल्या काही वर्षांत आमची एकदा गाठ पडली तेव्हा मी विचारले. त्याला टोपली आठवत नव्हती, मीही नीटसा आठवत नव्हतो. त्याच्याजवळचे शार्पनर हरवले होते आणि घरी सांगायची भीती वाटत होती, एवढेच तो म्हणाला.

खुर्ची लांब असली तरी राहू द्या. ती कुठे ठेवायची हे तो ठरवतो आहे.